पहिला डीएसएलआर घ्यायचाय? सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

"पहिला कॅमेरा घ्यायचाय, कुठला घेऊ" इथून सुरू होऊन "लेन्स बसतेय पण फोकस होत नाही" इथपर्यंत जे जे प्रश्न परत परत येतात ते सगळे एका ठिकाणी आणलेत. वरचे प्रश्न अगदी सुरुवातीचे आहेत, खाली जाल तसे अडचणीचे. एखाद्या गोष्टीबद्दल दुसरीकडे लिहिलं असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. मोबाईलचा कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा आहे, मग डीएसएलआर कशाला?

मेगापिक्सेलमुळे नाही, सेन्सरच्या (उजेड टिपणाऱ्या चिपच्या) आकारामुळे. एन्ट्री लेव्हल डीएसएलआरचा सेन्सर कॅननमध्ये साधारण २२.३ बाय १४.९ मिलिमीटर आणि निकॉनमध्ये २३.५ बाय १५.६ मिलिमीटर असतो, मोबाईलचा यापेक्षा कितीतरी लहान. मोठ्या सेन्सरवर जास्त उजेड गोळा होतो, त्यामुळे कमी उजेडात दाणे कमी येतात आणि मागचं दृश्य खरोखर धूसर होतं, सॉफ्टवेअरने केसांच्या कडा खाऊन केलेलं नाही. लेन्समधून आलेला उजेड आतल्या तिरक्या आरशावरून वर व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) जातो म्हणून तुम्ही स्क्रीन नाही तर खरं दृश्य बघता, आणि बटण दाबलं की आरसा उचलला जाऊन शटर उघडतं, तो खट्याक आवाज त्याचाच.

पण खरं सांगायचं तर दिवसाउजेडी निसर्गाचे, ग्रुपचे फोटो काढून फक्त स्टेटसला टाकायचे असतील तर आजचा चांगला मोबाईल पुरतो. लांबचे पक्षी, मैदानावरचा खेळ, घरात पळणारं लहान मूल, पोर्ट्रेट, फ्लॅश लावून काढलेले फोटो, आणि मुख्य म्हणजे शटर-अपर्चर-आयएसओ (उजेड किती वेळ येतो, किती मोठ्या भोकातून येतो आणि सेन्सर त्याला किती संवेदनशील असतो) हाताने फिरवून शिकणं, यासाठी डीएसएलआर घ्या.

२. डीएसएलआर बंद झाले म्हणतात, आता घेणं म्हणजे पैसे पाण्यात का?

नवीन मॉडेल येणं जवळजवळ थांबलंय हे खरं आहे. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०१८ मध्ये मिररलेससाठी (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी) नवीन माउंट (लेन्स बसवायची रिंग) आणले, कॅननचा आरएफ आणि निकॉनचा झेड, आणि २०२० नंतर दोघांचा एकही नवीन डीएसएलआर आलेला नाही. पेंटॅक्सने तेवढं २०२१ मध्ये के-३ मार्क थ्री आणि २०२३ मध्ये त्याचं मोनोक्रोम मॉडेल काढलं.

पण यामुळे असलेले कॅमेरे वाईट फोटो काढायला लागले असं काही झालेलं नाही. उलट लोक मिररलेसकडे चाललेत म्हणून चांगल्या बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि लेन्स सेकंड हँडमध्ये भरपूर येतायत, आणि शिकणाऱ्याच्या हातात कमी पैशात जास्त सामान यायची हीच वेळ आहे असं मला मनापासून वाटतं. बॅटरीचाही मोठा फायदा आहे, निकॉन डी३५०० एका चार्जमध्ये १५५० फोटोंना रेट केलेला आहे आणि छोटे मिररलेस साधारण तीनशे ते साडेचारशेला. मात्र व्हिडिओ हेच मुख्य काम असेल (प्रश्न १० बघा) किंवा शटरचा आवाज अजिबात नको असेल, तर सरळ मिररलेस घ्या.

३. फिरवून बोलू नका, नवशिक्याने कुठलं मॉडेल घ्यावं ते नाव सांगा.

बरं, सांगतो. फक्त फोटोच काढायचे आणि साधं हलकं काहीतरी हवंय तर निकॉन डी३५०० (२०१८). फिरणारी टचस्क्रीन आणि माइकचं भोक हवं असेल तर निकॉन डी५६००. फोटोबरोबर थोडा व्हिडिओ, घरच्यांनाही वापरता यावा, तर कॅनन २००डी मार्क टू (२०१९), याचं लाइव्ह व्ह्यूमधलं (मागच्या स्क्रीनवर बघून काढतानाचं) फोकस या यादीतल्या दोन्ही निकॉनपेक्षा खूप वेगवान आहे. कॅनन १५००डी (२०१८) चालेल, फोटोंची क्वालिटी ठीक आहे, पण ९ फोकस पॉइंट आणि सेकंदाला ३ फोटो एवढंच देतो, डी३५०० मध्ये ११ पॉइंट आणि ५ फोटो मिळतात. कॅनन ३०००डी मी कुणालाच सुचवत नाही, १८ मेगापिक्सेल, लेन्स बसते ती रिंगसुद्धा प्लॅस्टिकची, आणि थोडे पैसे वाचवण्यासाठी एवढी तडजोड करू नये.

आणि सेकंड हँड घ्यायची तयारी असेल तर हे सगळं सोडून निकॉन डी७२०० (२०१५) किंवा कॅनन ८०डी (२०१६) शोधा. शटर आणि अपर्चरसाठी दोन वेगळे डायल, मोठा स्वच्छ व्ह्यूफाइंडर, दणकट बॉडी, आणि शिकताना या दोन डायलचा जो फरक पडतो तो मेनूत शिरून सेटिंग बदलणाऱ्याला कळतच नाही. फक्त वजन जास्त आहे.

एकाच कॅमेऱ्याची वेगवेगळ्या देशांत वेगळी नावं असतात हेही लक्षात ठेवा, १५००डी म्हणजेच २०००डी म्हणजेच रेबेल टी७, आणि २००डी मार्क टू म्हणजेच २५०डी किंवा रेबेल एसएल३. रिव्ह्यू बघताना लोक याच्यात फार गोंधळतात.

४. कॅनन चांगला की निकॉन?

दोन्ही. हातात धरून बघा, ग्रिप बोटांत नीट बसतेय का, अंगठा मागच्या बटणांपर्यंत सहज पोचतोय का. आणि जवळच्या मित्राकडे किंवा घरात ज्या कंपनीच्या लेन्स आहेत तीच कंपनी घ्या म्हणजे लेन्स मागून वापरता येतात. यापलीकडे या वादात वेळ घालवण्यात अर्थ नाही.

५. २४ मेगापिक्सेल पुरतील का?

पुरून उरतील. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४००० चा फोटो, इंचाला ३०० ठिपके धरले तरी २० बाय १३ इंचाची कडक प्रिंट निघते, आणि फोरके टीव्हीची अख्खी स्क्रीन जेमतेम ८.३ मेगापिक्सेलची असते.

६. क्रॉप सेन्सर म्हणजे काय? त्याच पैशात जुना फुल फ्रेम मिळतोय, तो घेऊ का?

फुल फ्रेम म्हणजे जुन्या फिल्मएवढा ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर. एन्ट्री लेव्हलमध्ये त्यापेक्षा लहान सेन्सर असतो, म्हणून तीच लेन्स जास्त जवळचं दाखवते, निकॉनमध्ये १.५ पट आणि कॅननमध्ये १.६ पट. म्हणजे ५० एमएमची लेन्स (हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) निकॉनवर ७५ सारखी आणि कॅननवर ८० सारखी वाटते. पक्षी आणि खेळ काढणाऱ्याला हे फायद्याचंच.

जुना फुल फ्रेम स्वस्तात दिसला की मोह होतो पण खर्च बॉडीवर थांबत नाही, त्याच्या चांगल्या लेन्स महाग आणि जड असतात. कॅननच्या ईएफ-एस, म्हणजे क्रॉप सेन्सरसाठी बनवलेल्या, लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. निकॉनच्या तशाच डीएक्स लेन्स बसतात पण बॉडी फोटो क्रॉप करते आणि २४ मेगापिक्सेलचे साधारण १० राहतात. पहिला कॅमेरा क्रॉपच घ्या.

७. किट लेन्स घेऊ की नुसती बॉडी घेऊन चांगली लेन्स घेऊ?

किट घ्या, म्हणजे बॉडीसोबतच येणारी लेन्स. या १८-५५ एमएमच्या लेन्सला लोक उगाच नावं ठेवतात, पण आपल्याला लांबचं काढायला आवडतं की जवळचं, हे कळायला दुसरी इतकी स्वस्त लेन्स नाही. फक्त लेन्सवरची अक्षरं नीट वाचा. कॅननच्या १८-५५ मध्ये 'आयएस' लिहिलेलं असेल तर हाताची थरथर सावरणारी सोय आहे, नुसतं 'थ्री' (III) लिहिलेली लेन्स त्या सोयीशिवाय येते आणि बऱ्याच किटमध्ये हीच घातलेली असते. निकॉनमध्ये हेच 'व्हीआर' नावाने असतं. बॉक्सवर कॅमेऱ्याचं नाव तेच असतं, किमतीतला फरक थोडासा असतो, म्हणून लोकांच्या हे लक्षातच येत नाही आणि संध्याकाळचे सगळे फोटो हललेले येतात.

बजेटबद्दल माझं ठाम मत सांगतो, बॉडीवर सगळे पैसे संपवू नका. बॉडी चार-पाच वर्षांत बदलाल, चांगली लेन्स त्याच्या दुप्पट टिकते. नवी बॉडी आणि फक्त किट यापेक्षा तपासून घेतलेली जुनी बॉडी, किट आणि एक १.८ ची लेन्स (प्रश्न ८ बघा) हा सेट कधीही सरस.

८. मागचं एकदम ब्लर हवंय, त्यासाठी कुठला कॅमेरा?

कॅमेरा नाही, लेन्स. कॅननसाठी ५० एमएम एफ १.८ एसटीएम, निकॉनसाठी एएफ-एस डीएक्स ३५ एमएम एफ १.८जी किंवा एएफ-एस ५० एमएम एफ १.८जी. एफचा आकडा जितका लहान तितकं अपर्चर मोठं, किट लेन्स ५५ एमएमला एफ ५.६ वर अडते आणि १.८ ची लेन्स तिच्यापेक्षा साधारण नऊ-दहा पट उजेड आत घेते, त्यामुळे ब्लर तर मिळतोच पण घरातल्या ट्यूबलाइटमध्येही फोटो न हलता येतो. खोली लहान असेल तर ५० एमएमने मागे सरकायला जागा उरत नाही, अशा वेळी ३५ बरी.

लेन्स घेईपर्यंत किटनेच करून बघा, झूम पूर्ण ५५ ला न्या, अपर्चर सगळ्यात लहान आकड्यावर ठेवा, माणसाच्या जवळ जा, आणि त्याला भिंतीला चिकटून उभं न करता मागे आठ-दहा पावलं मोकळी सोडा. निकॉनवाल्यांनी स्वस्त ५० एमएम घेण्याआधी प्रश्न १३ वाचाच.

९. दोन लेन्सचं किट स्वस्तात मिळतंय, घेऊ का?

दुसरी लेन्स कुठली आहे त्यावर सगळं आहे. कॅननच्या किटमध्ये ७५-३०० थ्री असेल तर नको, तिला आयएस नाही आणि ३०० ला फोटो मऊ, म्हणजे कमी स्पष्ट येतात. ५५-२५० आयएस एसटीएम असेल तर डोळे झाकून घ्या, ही लेन्स तिच्या किमतीला खरंच फार सुंदर आहे. निकॉनच्या डीएक्स ७०-३०० एएफ-पी मध्ये व्हीआर असलेली आणि नसलेली अशा दोन येतात, असलेलीच घ्या. व्हीआर किंवा आयएस नसेल तर साधा हिशोब असा की लेन्सचा आकडा गुणिले १.५, त्याच्या उलट शटर स्पीड, म्हणजे २०० एमएमला निदान १/३०० तरी ठेवावा लागतो, आणि ढगाळ दिवशी एवढा उजेड नसतोच.

१०. यूट्यूबसाठी व्हिडिओ काढायचेत, चालेल ना?

अधूनमधून काढायचे तर चालेल. व्हिडिओ काढताना आरसा वरच राहतो म्हणून व्ह्यूफाइंडर काळा होतो, सगळं स्क्रीनवरच बघावं लागतं. कॅनन २००डी मार्क टू फुल एचडीमध्ये चेहऱ्यावर फोकस छान धरून ठेवतो, पण फोरके लावलं की चित्र क्रॉप होतं आणि ते वेगवान फोकस मिळत नाही, म्हणून फोरकेच्या जाहिरातीवर जाऊ नका. डी३५०० आणि १५००डी दोघांनाही बाहेरचा माइक लावायची सोय नाही, आवाज वेगळा रेकॉर्ड करावा लागेल. डी५६०० ला माइक लागतो पण व्हिडिओत फोकस मागेपुढे शोधत राहतो. एक क्लिप जास्तीत जास्त अर्ध्या तासाच्या आत थांबते हेही धरून चाला. रोज व्हिडिओच करायचा असेल तर कॅनन आर५० किंवा निकॉन झेड३० सारखा मिररलेस बघा.

११. सेकंड हँड घेताना काय काय तपासायचं?

स्वतःचं मेमरी कार्ड, मोबाईलचा टॉर्च आणि जमलं तर लॅपटॉप घेऊन जा, आणि घाई करणाऱ्या माणसाकडून घेऊ नका.

आधी बाहेरून बघा. कोपरे चेपलेत का, ग्रिपचं रबर फुगून सुटलंय किंवा चिकट झालंय का, लेन्स बसते त्या धातूच्या रिंगचे स्क्रू आणि खालचे स्क्रू यांच्या खाचा खरवडलेल्या आहेत का, असतील तर कुणीतरी उघडलेला आहे. बॅटरीचं आणि कार्डचं दार नीट बंद होतंय का, कार्डच्या खाचेतली एखादी पिन वाकलीय का. प्रत्येक बटण, प्रत्येक डायल दोन्हीकडे फिरवा, एका टिचकीला एकच आकडा बदलला पाहिजे, कधी दोन कधी शून्य असं होत असेल तर डायल गेलाय. फ्लॅश उघडून मारून बघा.

मग सेन्सर. अपर्चर एफ १६ ला ठेवा, पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो मुद्दाम फोकस बिघडवून काढा आणि झूम करून कोपऱ्याकोपऱ्यात बघा. पुसट गोल डाग म्हणजे धूळ, ती साफ होते, काळजी नाही. पण रेघ दिसली तर ओरखडा असू शकतो, सोडून द्या. नंतर लेन्सचं झाकण लावून काही सेकंदांचं एक्स्पोजर घ्या, रंगीत ठिपके एक-दोन असतील तर ठीक, सगळीकडे पसरले असतील तर नको.

लेन्ससाठी ती बॉडीवरून काढून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे चार कण प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असतात आणि फोटोत दिसत नाहीत, पण कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी आहे, मग किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका. झूम रिंग फिरवताना मध्येच अडकते का बघा. फोकस पटकन लागतंय का, घरघर आवाज येतोय का, स्टॅबिलायझेशन चालू केल्यावर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर होतंय का. शेवटी १/४००० वर दोन-चार फोटो काढा, फोटोच्या एका बाजूला काळी पट्टी आली तर शटर थकलंय.

१२. शटर काउंट (आतापर्यंत शटर किती वेळा उघडलं तो आकडा) कुठे बघायचा आणि किती असला तर घ्यावा?

निकॉनमध्ये सोपं आहे, नुकत्याच काढलेल्या मूळ फोटोच्या एक्झिफ माहितीत (फोटोच्या फाइलमध्येच साठवलेल्या तपशिलात) तो आकडा असतो, फोटो एडिट केलेला किंवा व्हॉट्सअॅपवरून आलेला नको. कॅननच्या एन्ट्री लेव्हलमध्ये फोटोत आकडा नसतो, काही मॉडेलचा केबल लावून सॉफ्टवेअरने वाचता येतो, नाहीतर सर्व्हिस सेंटर. फाइलच्या नावातला नंबर म्हणजे शटर काउंट नाही, तो १०,००० च्या आत परत पहिल्यापासून सुरू होतो.

या वर्गातल्या बॉडीचं शटर साधारण १ लाखाचं धरतात. १ लाख झाले की बंद पडेल असं नाही, पण ८० हजारांच्या वर असेल तर किंमत बरीच खाली आणा. आणि फक्त आकडा कमी आहे म्हणून खूश होऊ नका, वर्षानुवर्षं ओलसर कपाटात पडून राहिलेला पाच हजारवाला कॅमेरा, रोज वापरलेल्या चाळीस हजारवाल्यापेक्षा वाईट असू शकतो.

१३. निकॉनवर लेन्स बसतेय पण ऑटोफोकस होत नाही, फसवलं का?

बहुतेक नाही. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, मोटर लेन्समध्ये असावी लागते. म्हणून नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असलेली लेन्स चालते, आणि जुनी एएफ ५० एमएम एफ १.८डी बसते, फोटोही काढते, पण फोकस हातानेच करावा लागतो. डी७००० मालिकेतल्या डी७२०० किंवा डी७५०० मध्ये ही मोटर आहे.

आता याचा उलटा प्रकार. एएफ-पी लेन्स नवीन आहेत आणि डी३१००, डी५१००, डी९०, डी७००० अशा जुन्या बॉडीवर त्यांचा फोकसच चालत नाही, हातानेसुद्धा नाही, कारण फोकस रिंग विजेवर चालते. डी३३०० सारख्या काहींना फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागतं. म्हणजे जुनी बॉडी आणि नवी लेन्स वेगवेगळीकडून घेत असाल तर दोन्हींची नावं आधी जुळवून बघा.

१४. माझा जुना फ्लॅश किंवा स्वस्तातला ट्रिगर (लांब ठेवलेला फ्लॅश पेटवणारं यंत्र) कॅननवर पेटतच नाही. का?

वरच्या फ्लॅशच्या खाचेत मधोमध एक गोल पिन असते, जगातला कुठलाही साधा फ्लॅश तिच्यावर चालतो. कॅननने १५००डी आणि २००डी मार्क टू सारख्या बॉडीतून ती पिनच काढून टाकली, म्हणून त्यावर कॅननचे किंवा कॅननसाठीच बनवलेले टीटीएल (लेन्समधून उजेड मोजून चालणारे) फ्लॅश आणि ट्रिगर लागतात. स्टुडिओ लाइट शिकायचे असतील तर घेण्याआधी ही खाच डोळ्यांनी बघा.

१५. पुढे मिररलेसला गेलो तर आत्ताच्या लेन्स फुकट जातील का?

नाही. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अॅडॉप्टर लावून आरएफ बॉडीवर व्यवस्थित फोकस करतात. निकॉनच्या एफटीझेड अॅडॉप्टरवर एएफ-एस आणि एएफ-पी लेन्सचा ऑटोफोकस चालतो, डी प्रकारच्या मोटर नसलेल्यांचा नाही. म्हणून निकॉनवाल्यांनी आजच एएफ-एस घ्यावी, डी७२०० असला तरी.

१६. चष्मा आहे, व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं धूसर दिसतं.

व्ह्यूफाइंडरच्या शेजारी छोटं चाक किंवा सरकपट्टी असते, ती डायॉप्टरची. बाहेरचं दृश्य नाही, आतले आकडे आणि फोकसचे चौकोन स्पष्ट दिसेपर्यंत ती फिरवा. डी३५०० मध्ये ती उणे १.७ ते अधिक ०.५ एवढीच फिरते, नंबर जास्त असेल तर चष्मा लावूनच बघावं लागेल, म्हणून घेण्याआधी चष्म्यासकट चारही कोपरे दिसतायत का ते तपासा.

१७. कार्ड, फिल्टर, बॅग, आणखी काय घ्यावं लागेल?

नावाजलेल्या कंपनीचं ६४ जीबीचं यूएचएस-वन कार्ड, शक्यतो दोन. यूएचएस-टूचा वेग या बॉडींना वापरताच येत नाही, ते पैसे वाचवा. हवेचा रबरी ब्लोअर आणि मायक्रोफायबर कापड घ्या. स्वस्त यूव्ही फिल्टर नको, दिव्यासमोर भुतासारखे गोळे येतात, त्यापेक्षा लेन्स हूड (लेन्सच्या तोंडावर लावायचं कडं) लावा. दमट हवेत राहत असाल तर हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रता मीटर ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे, आणि कॅमेरा महिनोन्महिने बॅगेत कोंडून ठेवू नका, बुरशी तिथेच धरते.

१८. नवीन कॅमेऱ्याचे फोटो मोबाईलपेक्षा फिके आणि हललेले येतात, पीस खराब आहे का?

हा प्रश्न घेतल्यानंतर पहिल्या आठवड्यात हमखास येतो आणि बहुतेक वेळा कॅमेरा ठणठणीत असतो. फिके वाटतात कारण मोबाईल अनेक फ्रेम जोडून, सावल्या उजळवून, रंग वाढवून देतो, कॅमेरा तेवढं करत नाही. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढून स्वतः एडिट करा, किंवा जेपीईजीसाठी पिक्चर स्टाइलमध्ये कॉन्ट्रास्ट आणि रंग एकेक पायरी वाढवा. हललेले येतात कारण ऑटो मोडमध्ये शटर १/३० वगैरेला उतरलेलं असतं. शटर प्रायॉरिटी मोड (शटरचा वेग तुम्ही ठरवता) लावून माणसांसाठी निदान १/१२५ आणि पळणाऱ्या पोरांसाठी १/५०० ठेवा, आयएसओ ऑटो वर सोडा, दाणे आले तरी चालतील. आणि सगळे फोकस पॉइंट चालू न ठेवता मधला एकच निवडून डोळ्यावर धरा, नाहीतर कॅमेरा जवळ दिसेल त्यावर, म्हणजे बऱ्याचदा नाकावर किंवा समोरच्या टेबलावर, फोकस करतो.

एवढं करूनही १.८ च्या लेन्सने फोकस चुकत असेल तर मग तपासा. कॅमेरा स्टँडवर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर ठेवा, समोर छापील पान तिरकं ठेवून एका ओळीवर मधला पॉइंट धरा, अपर्चर पूर्ण उघडं. एक फोटो व्ह्यूफाइंडरने, एक लाइव्ह व्ह्यूने, दोन्ही तीन-तीनदा. लाइव्ह व्ह्यूमध्ये तीच ओळ कडक आणि व्ह्यूफाइंडरमध्ये दरवेळी पुढची किंवा मागचीच ओळ कडक येत असेल तर तुमच्या बॉडी आणि लेन्सचा मेळ बसत नाहीये. डी७२०० आणि ८०डी मध्ये हे मेनूतून दुरुस्त करता येतं. डी३५००, डी५६००, १५००डी, २००डी मार्क टू यांच्यात ती सोय दिलेलीच नाही, मग वॉरंटी असेपर्यंत बॉडी आणि लेन्स दोन्ही एकत्र सर्व्हिस सेंटरला द्या, एकटी लेन्स नको, आणि हे सहा फोटो बरोबर न्या.